प्रिंटर वायफायला जोडलेला आहे, तरी फोनला सापडत नाही आणि लॅपटॉप 'ऑफलाइन' म्हणतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. घरात नवा राउटर बसवला. प्रिंटरला नव्या वायफायचा पासवर्ड दिला, त्याचा निळा दिवा स्थिर झाला. पण फोनवर 'प्रिंट' दाबलं की यादीत प्रिंटरचं नावच येत नाही. लॅपटॉपवर ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला प्रिंटर चालवायला मदत करणारं सॉफ्टवेअर, काढून परत टाकला की प्रिंट निघते आणि एक-दोन दिवसांत पुन्हा 'ऑफलाइन'. हे चक्र काही वेळा फिरल्यावर तुम्ही विचारताय की प्रिंटर जुना झालाय, तर नवा घ्यावा का.

एवढ्यात घेऊ नका. मी छोट्या ऑफिसांची आणि घरांची नेटवर्क सांभाळतो. राउटर बदलल्यानंतरची ही तक्रार माझ्याकडे सतत येते आणि बहुतेक वेळा प्रिंटर धडधाकट असतो. बिघाड असतो तो प्रिंटर आणि बाकीची उपकरणं यांच्या मधे. तो नेमका कुठे आहे हे न बघता ड्रायव्हर बदल, रिसेट कर, दुसरं अ‍ॅप टाक असं करत राहिलं, तर कधीतरी चालतं. पण का चाललं ते कळलेलं नसतं, म्हणून ते पुन्हा बंद पडतं.

'प्रिंटर जोडलाय' असं आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. प्रिंटर राउटरशी जोडला गेला, ही पहिली. फोन किंवा लॅपटॉप त्या प्रिंटरपर्यंत पोचू शकतो, ही दुसरी. आणि फोन-लॅपटॉपला तो आपणहून सापडतो आणि उद्याही त्याच जागी सापडेल, ही तिसरी. तो निळा दिवा फक्त पहिल्या गोष्टीची हमी देतो. ड्रायव्हरचं काम तर या तिन्ही गोष्टी झाल्यानंतर सुरू होतं.

तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची खूण म्हणजे ड्रायव्हर परत टाकल्यावर प्रिंट निघते ही. ड्रायव्हर खराब असता तर तोच ड्रायव्हर परत टाकून फरक पडला नसता. नव्याने टाकताना लॅपटॉप प्रिंटरला नव्याने शोधतो आणि त्याचा आजचा पत्ता, म्हणजे राउटरने त्याला दिलेला आकडा, लिहून ठेवतो, म्हणून काम होतं. पुढे पत्ता बदलला की लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतो. म्हणजे तुमच्याकडे बहुधा दोन वेगळे दोष एकाच वेळी आहेत: फोनला प्रिंटर न सापडणं हा एक आणि लॅपटॉपकडचा पत्ता शिळा होणं हा दुसरा. दोन्हींवर एकच औषध लागू पडत नाही, म्हणून तुम्ही इतके वैतागला आहात.

आता पहिलं काम. प्रिंटरकडून नेटवर्कच्या माहितीचं पान छापून घ्या. स्क्रीन असेल तर सेटिंगमध्ये नेटवर्कच्या आत 'रिपोर्ट' किंवा 'कॉन्फिगरेशन पेज' असा पर्याय मिळेल. स्क्रीन नसेल तर वायफायचं किंवा माहितीचं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. हे मॉडेलनुसार बदलतं, पुस्तिकेत बघून घ्या. त्या पानावर भरपूर मजकूर असतो, पण सध्या वायफायचं नाव आणि प्रिंटरचा पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस एवढंच बघायचं.

आयपी अ‍ॅड्रेस १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने प्रिंटरला पत्ता दिलेलाच नाही. वाट बघून प्रिंटरने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे. अशा वेळी दिवा स्थिर असू शकतो, तरी उपयोग शून्य. राउटर आणि मग प्रिंटर बंद-चालू करून बघा. तोच आकडा पुन्हा आला तर प्रिंटरमधली वायफायची माहिती पुसून नव्याने जोडा. पण पत्ता १९२.१६८.१.३७ अशासारखा असेल, तर फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन फोनचा स्वतःचा पत्ता बघा. घरच्या साध्या नेटवर्कवर दोन्ही पत्त्यांचे पहिले तीन आकडे सारखे असायला हवेत.

मग प्रिंटरचा तो पत्ता जसाच्या तसा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाका. प्रिंटरचं स्वतःचं छोटं वेबपेज उघडायला हवं, ज्यावर शाईची पातळी वगैरे दिसते. ब्राउझर सुरक्षिततेची सूचना दाखवू शकतो, कारण प्रिंटरने आपली ओळख पटवणारं प्रमाणपत्र स्वतःच बनवलेलं असतं. पत्ता छापील पानावरून घेतला असेल आणि प्रिंटर तुमचाच असेल तर पुढे जायला हरकत नाही. मग हेच फोनच्या ब्राउझरमध्ये करून बघा. या एका चाचणीने अर्धं निदान होतं. कोणाच्याही घरी किंवा ऑफिसात गेलो की ड्रायव्हरला हात लावण्याआधी मी हेच करतो.

पान उघडलंच नाही, तर ड्रायव्हर आणि अ‍ॅप पूर्णपणे विसरा. उपकरणं एकमेकांपर्यंत पोचतच नाहीयेत. याची कारणं मोजकी आहेत. फोन किंवा प्रिंटर चुकून गेस्ट नेटवर्कवर जोडलेला असतो. गेस्ट नेटवर्क असतंच यासाठी की पाहुण्याला इंटरनेट मिळावं, पण घरातली इतर उपकरणं दिसू नयेत. काही राउटरवर मुख्य वायफायवरही 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' नावाचं सेटिंग चालू राहिलेलं असतं, त्याचाही परिणाम हाच. घरात ते बंद करा. ऑफिस, वसतिगृह किंवा हॉटेल असेल तर मात्र ते मुद्दाम चालू ठेवलेलं असतं. तिथे पळवाट शोधू नका, नेटवर्क बघणाऱ्यालाच विचारा. आणि लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी खाजगी वाट, चालू असेल तर ते बंद करून एकदा तपासा. बरीच व्हीपीएन चालू असताना घरातल्या उपकरणांकडे जाणारी वाट बंद करतात.

राउटर नवा असताना मला सगळ्यात जास्त भेटणारं कारण मात्र वेगळंच आहे: घरात दोन राउटर. इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्यातही वायफाय असतं आणि आपण घेतलेला नवा राउटर त्या डब्याला मागे जोडलेला असतो. दोन्ही आपापलं वेगळं नेटवर्क चालवतात. जुन्या डब्याचं वायफाय कोणी बंद केलेलं नसतं. प्रिंटर त्याच्यावर राहतो, फोन नव्यावर जातात. छापील पानावर प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि फोनचा १९२.१६८.० ने, असा फरक दिसला की मामला हाच.

यातली एक गंमतीची बाजू लक्षात ठेवा, कारण ती चांगल्या चांगल्यांना गोंधळात टाकते. नव्या, आतल्या राउटरवरून बाहेरच्या डब्यावरच्या प्रिंटरकडे सहसा जाता येतं, पण उलट दिशेने येता येत नाही. म्हणून अशा घरात लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये प्रिंटरचं पान उघडतं, पत्ता देऊन प्रिंटही निघते, पण फोनच्या यादीत प्रिंटर येत नाही. तुमची लक्षणं याच्याशी बरीच जुळतात, त्यामुळे पत्त्यांचे पहिले तीन आकडे नक्की ताडून बघा. यावर सरळ उपाय म्हणजे नव्या राउटरला 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड'वर टाकणं. मग पत्ते वाटण्याचं काम फक्त कंपनीचा डबा करतो आणि सगळी उपकरणं एकाच नेटवर्कवर येतात. दुसरा पर्याय म्हणजे डब्याचं वायफाय बंद करून प्रिंटर नव्या राउटरवर आणणं. नव्या राउटरमधली पालकांसाठीची नियंत्रणं किंवा तत्सम सोयी वापरत असाल तर दुसरा पर्याय बरा, कारण अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये त्या बहुधा बंद होतात. हे तुम्हालाच ठरवावं लागेल.

पत्ते जुळतात, फोनच्या ब्राउझरमध्ये पान उघडतं, तरी यादीत नाव नाही, असंही होतं. फोन प्रिंटर कसा शोधतो हे कळलं की याचा उलगडा होतो. भरलेल्या सभागृहात कोणीतरी मोठ्याने 'इथे प्रिंटर कोण आहे?' असं विचारावं आणि प्रिंटरने हात वर करावा, तसा हा प्रकार असतो. तांत्रिक नाव एमडीएनएस. हा पुकारा २२४.०.०.२५१ या ठरलेल्या पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर (ठरावीक कामासाठीच्या दारावर) जातो आणि तो आपल्या नेटवर्कची हद्द ओलांडत नाही. आयफोनमधली एअरप्रिंटची सोय, जी २०१० मध्ये आयओएस ४.२ बरोबर आली, ती याच पुकाऱ्यावर चालते. कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या मोप्रिया या मानकाचीही शोधण्याची रीत तीच, आणि अँड्रॉइड ८ पासून फोनमध्येच असलेली प्रिंट सर्व्हिसही अशीच शोधते.

काही राउटर वायफायवरची गर्दी कमी करण्यासाठी असे सगळ्यांना उद्देशून केलेले पुकारे अडवतात. राउटरच्या सेटिंगमध्ये 'मल्टिकास्ट फिल्टरिंग', 'आयजीएमपी स्नूपिंग' किंवा अशाच नावाचं काही सापडलं तर एकेक बंद करून बघा. प्रत्येक बदलानंतर फोनचं वायफाय बंद-चालू करा आणि मगच निकाल ठरवा. दोन-तीन सेटिंग एकदम बदलली तर नेमकं कशाने काम झालं हे कळणार नाही.

फोनच्या बाजूनेही एक अडथळा असतो. प्रिंटर कंपनीचं अ‍ॅप प्रिंटर शोधत नाही, पण त्याच आयफोनवर फोटो उघडून 'प्रिंट' दाबलं की प्रिंटर लगेच दिसतो, असं झालं तर दोष नेटवर्कचा नाही. आयओएस १४ पासून प्रत्येक अ‍ॅपला 'लोकल नेटवर्क' वापरायची वेगळी परवानगी लागते. अ‍ॅप पहिल्यांदा उघडताना ती विचारली जाते आणि घाईत आपण 'नको' दाबलेलं असतं. सेटिंगमध्ये गोपनीयतेच्या विभागात जाऊन ती चालू करा. अँड्रॉइडवर प्रिंट सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता हाताने टाकायची सोय असते, तेव्हा शोध लागत नसला तरी तिथे काम भागतं. आयफोनच्या नेहमीच्या प्रिंटच्या पडद्यावर तशी सोय नाही, त्याला पुकारा ऐकू गेलाच पाहिजे. म्हणून घरात आयफोन असतील तर राउटरचं सेटिंग नीट करण्यावाचून गत्यंतर नाही.

आता लॅपटॉपचं 'ऑफलाइन'. राउटर प्रत्येक उपकरणाला पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो. प्रिंटर बराच वेळ बंद राहिला किंवा राउटर परत चालू झाला की तोच पत्ता मिळेल याची खात्री नसते. यावर कायमचा इलाज म्हणजे प्रिंटरचा पत्ता बांधून टाकणं, आणि तो बांधायच्या दोन जागा आहेत. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये हाताने पत्ता टाकता येतो, किंवा राउटरला सांगता येतं की या प्रिंटरला नेहमी हाच पत्ता दे. मी नेहमी राउटरमध्ये बांधतो. प्रिंटरमध्ये लिहिलेला पत्ता कोणाच्या लक्षात राहत नाही आणि पुढे राउटर बदलला, त्याची पत्त्यांची मालिका वेगळी निघाली, की प्रिंटर वायफायला जोडलेला दिसत असूनही बेपत्ता होतो. शिवाय हाताने दिलेला पत्ता राउटरने दुसऱ्या कोणाला देऊन टाकला तर दोघांची टक्कर होते आणि प्रिंट कधी निघते, कधी नाही. हा दोष शोधायला सगळ्यात त्रासदायक.

राउटरमध्ये हे सेटिंग 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' अशा नावाने असतं. तिथे प्रिंटरच्या नेटवर्क भागाचा कायमचा ओळख क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस द्यायचा, तो छापील पानावर दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांत असतो. केबलचा आणि वायफायचा मॅक अ‍ॅड्रेस वेगळा असतो, तेव्हा वायफायचाच घ्या. तुमच्या राउटरमध्ये ही सोयच नसेल तर मग प्रिंटरमध्ये हाताने पत्ता द्या, पण राउटर जे पत्ते वाटतो त्या टप्प्याच्या बाहेरचा. राउटर १०० ते २०० वाटत असेल, तर शेवटचा आकडा ५० घेतलेला चालेल.

पत्ता बांधल्यावर विंडोजला तो सांगावा लागतो. विंडोज प्रिंटर आपणहून जोडतं तेव्हा बऱ्याचदा 'डब्ल्यूएसडी' नावाचं पोर्ट वापरतं, जे पुन्हा पुकाऱ्यावरच अवलंबून असतं. पुकारा हुकला की प्रिंटर शेजारी चालू असूनही 'ऑफलाइन'. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये 'पोर्ट्स'वर जा, 'अ‍ॅड पोर्ट' करून 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडा आणि बांधलेला पत्ता द्या. त्यानंतरही प्रिंट निघते पण वर 'ऑफलाइन' लिहिलेलं राहतं असं झालं, तर त्याच पोर्टच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची खूण काढा. विंडोज त्या मार्गाने प्रिंटरची खुशाली विचारत असतं आणि प्रिंटरने उत्तर दिलं नाही की तो बंद आहे असं धरून चालतं. विंडोजऐवजी मॅक लॅपटॉप असेल तर यातलं फारसं लागत नाही. मॅक प्रिंटरला सहसा नावाने ओळखतं, त्यामुळे पत्ता बदलला तरी सापडतो.

एवढं करून जुना कागद रांगेत अडकून राहिला असेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये 'प्रिंट स्पूलर', म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा भाग, थांबवून रांग रिकामी करा आणि तो परत चालू करा.

तुम्हाला इथेच कोणीतरी सुचवलंय की प्रिंटर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर आहे आणि फोन ५ वर, म्हणून सापडत नाही, तर फोनही २.४ वर आणा. हा सल्ला फार पसरलाय आणि बहुतेक घरांत तो चुकीचा आहे. बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतात हे खरं. पण एकाच राउटरचे दोन्ही पट्टे एकाच नेटवर्कचे भाग असतात, प्रिंटर एकावर आणि फोन दुसऱ्यावर असला तरी काम व्हायलाच हवं. होत नसेल तर वर सांगितलेलं आयसोलेशन किंवा मल्टिकास्टचं सेटिंग आडवं येतंय. पट्ट्याची अडचण येते ती प्रिंटर पहिल्यांदा जोडताना. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर काही अ‍ॅप आणि प्रिंटर गोंधळतात. जोडण्यापुरता ५ चा पट्टा बंद करायचा, प्रिंटर जोडला की परत चालू करायचा.

प्रिंटर नव्या राउटरला जोडलाच जात नाही, अशी अडचण असलेलेही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडक्यात. बरेच नवे राउटर 'डब्ल्यूपीए३' ही सुरक्षा चालू करून येतात, ती २०१८ मध्ये आली. त्याआधीच्या बऱ्याच प्रिंटरना ती कळत नाही. 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय निवडा, त्यानेही भागलं नाही तर फक्त 'डब्ल्यूपीए२' आणि 'एईएस'. बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएसची सोय नुसत्या डब्ल्यूपीए३ वर चालत नाही. २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ ठेवा, कारण १२ आणि १३ काही प्रिंटरना दिसतच नाहीत. आणि अजून राउटर बदलायचाच असेल तर नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि पासवर्ड अक्षरन् अक्षर तसाच द्या. सुरक्षेचा प्रकारही जुळला, तर प्रिंटर बऱ्याचदा आपणहून जोडला जातो.

तुमच्या प्रिंटरच्या मागे नेटवर्क केबलची खाच आहे का, ते मात्र आजच बघा. असेल आणि राउटर जवळ असेल तर सरळ केबल लावा. प्रिंटर वायरलेस असायलाच हवा असा समज खूप जणांचा असतो. फोन वायरलेस असला की पुरे, राउटर दोघांना जोडून देतो. केबल लावली की बरेच प्रिंटर स्वतःचं वायफाय बंद करतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त पत्ता केबलच्या मॅक अ‍ॅड्रेसवर नव्याने बांधा. मला जिथे शक्य होतं तिथे मी केबलच लावतो, रेंजचा प्रश्नच मिटतो.

'डायरेक्ट' ने सुरू होणारं प्रिंटरचं स्वतःचं वायफाय दिसत असेल, तर ते पाहुण्याला एखादी प्रिंट काढून द्यायला चांगलं आहे. रोजच्या वापराला नको. त्यावर जोडलेला फोन घरच्या नेटवर्कवरून बाहेर पडू शकतो आणि मग दुसरंच काहीतरी बंद पडल्यासारखं वाटतं. तसंच बाहेरून प्रिंट काढता यावी म्हणून राउटरवर ९१०० किंवा ६३१ हे छपाईचे पोर्ट इंटरनेटसाठी उघडू नका, कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी. तसं केलं तर जगातला कोणीही तुमच्या प्रिंटरपर्यंत पोचू शकतो. जुन्या प्रिंटरच्या मेनूत गूगल क्लाउड प्रिंट दिसत असेल तर त्यातही वेळ घालवू नका, ती सेवा ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली.

तेव्हा आज एवढंच करा: नेटवर्कचं पान छापा, प्रिंटरचा आणि फोनचा पत्ता ताडून बघा, दोन्ही ब्राउझरमध्ये प्रिंटरचं पान उघडतंय का ते तपासा. मग इथे दोन्ही पत्ते, राउटरचं मॉडेल आणि कंपनीच्या डब्याला वेगळं वायफाय आहे की नाही, हे लिहा. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरातल्या घरात वापरायचे असतात, ते लिहायला धोका नाही. पण छापील पानाचा फोटो तसाच टाकू नका. काही प्रिंटर त्या पानावर 'डायरेक्ट' वायफायचा पासवर्डही छापतात, तो आधी झाका.